पडलेल्या उमेदवाराचे पत्रक



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी यवतमाळ जिल्ह्यातल्या कळंबच्या या पंचक्रोशीतल्या दोन पिढ्यांना अक्षरओळख करून दिली. त्यांच्या वर्गातून बाहेर पडलेल्या मुलांनी शाळेच्या पुस्तकाखेरीज आणखी कोणता छापील कागद हाती धरला असेल? माझी खात्री आहे की त्यातल्या बहुतेकांसाठी तो निवडणुकीच्या पत्रकाचा कागद होता. लाउडस्पीकर लावलेली जीप गावात शिरायची, मागून पिवळे-गुलाबी कागद उडायचे आणि पोरे धुळीतून धावत ते गोळा करायची. बिल्ला मिळाला तर दिवाळीच. घरी जाऊन आजीला मोठ्याने वाचून दाखवायचे आणि दुसऱ्या दिवशी त्याच कागदाचे विमान. मी आज याच कागदाबद्दल बोलणार आहे. गेली बरीच वर्षे मी हे कागद जमवतो आहे, म्हणून मला या विषयावर बोलण्याचा थोडा अधिकार आहे असे समजतो.

निवडणुकीत कोण निवडून आले, हे सरकार नीट जपते. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीपासून प्रत्येक मतदारसंघात कोणाला किती मते पडली, हे निवडणूक आयोगाच्या अहवालात आहे. आज ते कोणालाही पाहता येते. पण निवडून आलेल्या माणसाने मत मागताना काय कबूल केले होते, हे त्या अहवालात नाही. आणि जो पडला, त्याचे तर नावापुढे एक आकडा, क्वचित 'अनामत जप्त', एवढेच उरते. त्याला काय म्हणायचे होते, कोणत्या विहिरीसाठी, कोणत्या रस्त्यासाठी, कोणत्या अन्यायासाठी तो उभा राहिला होता, हे त्याच्या पत्रकावरच होते. ते पत्रक किराणा दुकानातल्या पुडीत गेले. माझे सगळे म्हणणे एवढेच आहे की विजयी माणसाचा इतिहास लिहायला साधने पुष्कळ आहेत. पडलेल्याचे पत्रक मात्र आपण जपले नाही, तर गावाने त्या वर्षी काय काय मागून पाहिले होते, हे कुणालाच कळणार नाही.

आपल्या या भागाला तर पत्रकांची गरज इतरांपेक्षा जास्त आहे. कळंबच्या एखाद्या जुन्या वाड्यात राहणारा, घर न बदललेला माणूस डोळ्यांसमोर आणा. १९५२ मध्ये त्याने विधानसभेसाठी मत दिले ते मध्य प्रदेशाच्या, कारण आपण तेव्हा मध्य प्रदेशात होतो आणि राजधानी नागपूरला होती. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यपुनर्रचना झाली. १९५७ मध्ये त्याच माणसाने मत दिले ते द्विभाषिक मुंबई राज्याच्या विधानसभेसाठी. १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला आणि १९६२ मध्ये त्याने महाराष्ट्राच्या विधानसभेसाठी मत दिले. लागोपाठ तीन निवडणुका, तीन राज्ये, आणि माणूस त्याच ओसरीवर. पुण्यामुंबईकडच्या मतदाराने हे एवढे अनुभवलेले नाही. मग या दहा वर्षांत इथल्या उमेदवारांनी लोकांना कसे समजावून सांगितले की तुमचे सरकार आता भोपाळला जाणार की मुंबईला, नागपूरची राजधानी गेली तर तुमचे काय जाईल? याची उत्तरे पुढाऱ्यांच्या चरित्रांत सापडतील ती पुढाऱ्यांच्या बाजूने. गावकऱ्याला उद्देशून जे लिहिले गेले, ते पत्रकांवरच.

पहिल्या निवडणुकीची तऱ्हाच वेगळी होती. प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी, पेटीवर त्याची निशाणी चिकटवलेली. मतपत्रिकेवर खूण करायची नव्हती; ती आपल्या पसंतीच्या पेटीत टाकायची. देशात साडेसतरा कोटींच्या आसपास मतदार आणि त्यातल्या बहुसंख्यांना वाचता येत नव्हते. म्हणून निशाणीवर सगळी भिस्त. काँग्रेसची बैलजोडी, समाजवाद्यांचे झाड, किसान मजदूर प्रजा पक्षाची झोपडी, जनसंघाचा दिवा, शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनचा हत्ती, कम्युनिस्टांचे कणीस-विळा. कापसाच्या मुलखातल्या शेतकऱ्यापुढे बैलजोडी ठेवल्यावर विरोधकांना किती जड गेले असेल, हे वेगळे सांगायला नको. तेव्हाच्या विरोधी पत्रकांत बैलजोडीला उत्तर देण्याची धडपड दिसते. कोणी विचारतो, बैल तुमचे, पण कासरा कोणाच्या हातात?

१९६२ पासून मतपत्रिकेवर सगळ्या निशाण्या एकत्र आल्या आणि शिक्का आला. लगेच पत्रकांची भाषा पालटली. 'पेटीत मत टाका' जाऊन 'शिक्का मारा' आले. 'ताई, माई, अक्का, विचार करा पक्का' ही घोषणा आपण सगळ्यांनी ऐकली आहे. तिच्या शेवटी येणारा शिक्का त्या पद्धतीतूनच आला. २००४ च्या लोकसभेला देशभर यंत्रे आली आणि पत्रकांवर 'बटण दाबून' आले. मला याचा उपयोग असा होतो की पत्रक कधीचे हे त्यावरून अंदाजे सांगता येते. कारण पत्रकावर साल जवळजवळ कधीच नसते. 'रविवार दि. २५ रोजी मतदान', एवढेच. छापणाऱ्याला साल सांगण्याची गरज काय? वाचणाऱ्याला ते माहीत होते. वार आणि तारीख यांची जोडी पाच, सहा किंवा अकरा वर्षांनी पुन्हा येते, म्हणून केवळ तेवढ्यावर विसंबता येत नाही. निशाणी पाहावी लागते. १९६९ मध्ये काँग्रेस फुटली, बैलजोडी गोठली. गाय-वासरू दिसले की आपण सत्तरच्या दशकात आलो, चरखा चालवणारी बाई दिसली की ती संघटना काँग्रेस. चक्रातला नांगरधारी शेतकरी १९७७ चा जनता पक्ष, आणि हाताचा पंजा १९७८ नंतरचा. मतदारसंघाचे नाव पाहावे लागते: 'यवतमाळ-वाशीम' असे लोकसभेचे नाव असेल तर ते २००९ किंवा त्यानंतरचे. आणि शुद्धलेखन पाहावे लागते. साहित्य महामंडळाचे नियम १९६२ मध्ये सरकारने स्वीकारले आणि 'नांव', 'कांहीं', 'लोकांनीं' यांवरचे टिंब हळूहळू गेले. गावच्या छापखान्यात ते लगेच गेले नाही, हेही खरे. काही कंपोझिटर सवयीने आणखी दहा वर्षे टिंब देत राहिले. अ-च्या बाराखडीत 'अि', 'अु' छापलेले दिसले तर तो छापखाना सावरकरांच्या लिपीसुधारणेचा चाहता होता, असे धरायला हरकत नाही.

माझ्याकडचे एक पत्रक मी आज सोबत आणले आहे. नंतर ते टेबलावर ठेवतो. हात लावू नका, पण जवळून पाहा. हातभर उंचीचा, फिकट हिरवा, पातळ कागद. वरच्या बाजूला झोपडीचा ठोकळा, शाई जास्त लागल्यामुळे छप्पर काळेठिक्कर. झोपडी म्हणजे प्रजा समाजवादी पक्ष. १९५२ च्या निवडणुकीनंतर समाजवादी आणि किसान मजदूर प्रजा पक्ष एक झाले आणि झोपडी नव्या पक्षाकडे आली. खाली 'मुंबई विधानसभेसाठी' असे आहे, तेव्हा हे १९५७ चे, दुसरे कुठले असू शकत नाही. मजकुरात तिसऱ्या ओळीतला एक 'ळ' बाकीच्या 'ळ'पेक्षा ठळक आणि किंचित वर चढलेला आहे. 'गाळ', 'काळ', 'वेळ' अशा शब्दांनी भरलेला मजकूर जुळवताना छापखान्यातले त्या मापाचे 'ळ'चे खिळे संपले आणि कंपोझिटरने दुसऱ्या केसमधला खिळा बसवला. कागदाच्या मधोमध भोक आहे. दुकानात खिळ्याला वाकवलेली तार असते ना, बिले अडकवायची, त्या तारेचे ते भोक. आणि मागच्या कोऱ्या बाजूला शिसपेन्सिलीने तूरडाळ, गूळ, चहापत्ती असा हिशेब आहे, आण्यांमध्ये. १ एप्रिल १९५७ ला नवे पैसे आले. त्यानंतरही काही वर्षे लोक आण्यांत बोलत, पण निवडणूक मार्चमध्येच उरकली होती, आणि दुकानदाराने हा कागद ताजा असतानाच तारेला लावला असणार.

या पत्रकात उमेदवार चार गोष्टी मागतो. पांदण रस्ता पावसाळ्यात चालता येईल असा करावा. हरिजन वस्तीला वेगळी विहीर नव्हे, तर गावच्याच विहिरीवर हक्क द्यावा. कापसाचा भाव गंजीवर नव्हे, तर बाजार भरण्याआधी ठरावा. आणि शाळेतल्या मास्तरांचा पगार वेळेवर व्हावा. उमेदवाराचे नाव मी सांगत नाही, ते पडले. पण या चारही मागण्या पाहा. १९५७ साली आपल्या तालुक्यात कोणीतरी लिहून, छापून, पैसे खर्चून हे लोकांसमोर मांडले होते. कापसाच्या भावाचा प्रश्न सरकारने एकाधिकार खरेदी योजनेने हाती घेतला तो १९७२ मध्ये, म्हणजे पंधरा वर्षांनी. विहिरीची मागणी तर आजही कानाला तीक्ष्ण वाटते. वेगळी विहीर नको, तीच विहीर हवी, असे गावात उभे राहून म्हणणे त्या वर्षी सोपे नव्हते. मला तो माणूस निकालाच्या अहवालात भेटला असता तर मी त्याच्याकडे दुसऱ्यांदा पाहिलेही नसते.

पडलेल्यांची गोष्ट काढली की सर्वांत मोठे नाव आपोआप येते. १९५२ मध्ये उत्तर मध्य मुंबईतून डॉ. बाबासाहेब आंबेडकर हरले. त्यांच्याविरुद्ध काँग्रेसचे नारायणराव काजरोळकर निवडून आले. १९५४ मध्ये आपल्याच विदर्भातल्या भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीत ते पुन्हा हरले. तो दुहेरी मतदारसंघ होता: एक सर्वसाधारण जागा, एक राखीव, आणि प्रत्येक मतदाराला दोन मते. सर्वसाधारण जागेवर प्रजा समाजवादी पक्षाचे अशोक मेहता आले, राखीव जागेवर काँग्रेसचे भाऊराव बोरकर. दोन मते कशी द्यायची, दोन्ही एकाच पेटीत टाकली तर काय होते, दुसरे मत मुद्दाम 'कुजवणे' बरोबर की चूक, हे सगळे त्या वेळी कार्यकर्त्यांना गावोगाव समजावून सांगावे लागत होते. असे दुहेरी मतदारसंघ १९६१ मध्ये रद्द झाले. आज त्यांची पद्धत समजावून घ्यायची, तर कायद्याचे पुस्तक उघडण्यापेक्षा त्या वेळचे एखादे साधे पत्रक वाचावे, लगेच उमगते. राज्यघटना लिहिणारा माणूस निवडणुकीत दोनदा पडला, आणि त्या दोन पराभवांच्या वेळी वस्त्यावस्त्यांतून वाटलेले कागद लोकांनी फोटोच्या चौकटीमागे, पत्र्याच्या पेटीत जपले, कारण ते कागद त्यांच्या श्रद्धेचा भाग होते. वसंत मून आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बाबासाहेबांच्या लेखन आणि भाषणांचे खंड सिद्ध केले, तेव्हा अशा घराघरांतल्या जपणुकीचा आधार किती मोठा होता, हे सांगण्याची गरज नाही. इतर पक्षांच्या लोकांनी आपापल्या कागदांबाबत एवढीही आस्था दाखवलेली नाही, ही मला मोठी खंत वाटते.

विदर्भाच्या मागणीचे असेच आहे. १९५५ मध्ये राज्यपुनर्रचना आयोगाने वेगळ्या विदर्भाची शिफारस केली होती. ती मानली गेली नाही. वणीला जन्मलेले आणि यवतमाळात आयुष्य घालवलेले लोकनायक बापूजी अणे १९५९ च्या पोटनिवडणुकीत आणि पुन्हा १९६२ मध्ये नागपूरमधून लोकसभेवर गेले ते नागविदर्भ आंदोलन समितीच्या पाठिंब्यावर. यवतमाळचे जांबुवंतराव धोटे १९७१ मध्ये फॉरवर्ड ब्लॉकतर्फे नागपूरमधून लोकसभेवर गेले, तेही विदर्भाच्याच घोषणेवर. आणि १९८० मध्ये त्याच नागपुरातून इंदिरा काँग्रेसच्या पंजावर. ही नऊ वर्षांतली वाटचाल पत्रकांतून जितकी स्पष्ट दिसते, तितकी भाषणांच्या आठवणींतून दिसत नाही. भाषण ऐकणारा आपल्याला हवे ते लक्षात ठेवतो. छापलेला कागद दोन्ही वेळा काय म्हटले होते ते समोर ठेवतो. साठच्या दशकातली विदर्भाची पत्रके, विदर्भाने महाराष्ट्रात यावे म्हणून झालेल्या नागपूर कराराची, राजधानीची, मानाची गोष्ट करतात. १९८४ मध्ये प्रादेशिक असमतोल मोजणाऱ्या दांडेकर समितीचा अहवाल आल्यानंतरची पत्रके सिंचनाच्या, रस्त्यांच्या अनुशेषाचा हिशेब मांडतात. एकाच मागणीमागचे कारण कसे बदलले, हे ज्याला अभ्यासायचे आहे त्याने एका ओळीत वीस पत्रके मांडावीत. ऐंशीच्या दशकात शेतकरी संघटनेने पुढाऱ्यांना गावबंदी केली, तेव्हा तर उलटेच घडले. पुढारी गावाला पत्रक देत आले होते; आता गावाने पुढाऱ्यासाठी वेशीवर पाटी लावली. असे फलक कोणी उतरवून ठेवले असतील तर ते माझ्या दृष्टीने सोन्याच्या मोलाचे आहेत.

हे जमवण्याचे काम जगात इतरत्र कसे झाले, याचे एक उदाहरण देतो, आणि ते आयर्लंडचे आहे. आपला आणि आयर्लंडचा एक जुना धागा आहे. टिळकांनी एप्रिल १९१६ मध्ये बेळगावला होमरूल लीग काढली, तेव्हा 'होमरूल' ही मागणी आयरिश लोकांकडूनच आली होती. त्या लीगच्या क्षेत्रात आपला वऱ्हाड होता. अमरावतीचे दादासाहेब खापर्डे तिचे मोठे आधारस्तंभ, आणि बापूजी अणे टिळकांच्याच शिस्तीत वाढलेले. लीगने सुरुवातीलाच सहा मराठी आणि दोन इंग्रजी पत्रिका काढल्या आणि त्यांच्या ४७,००० प्रती खपल्या. फुकट वाटल्या नाहीत, खपल्या. ज्या प्रांतात वाचणारे इतके थोडे, तिथे लोकांनी पैसे देऊन राजकीय पत्रिका विकत घेतल्या, हे मला फार मोठे वाटते.

तर त्याच आयर्लंडच्या उत्तर भागात, बेलफास्ट शहरात, लिनन हॉल नावाचे जुने ग्रंथालय आहे. १९६८ मध्ये तिथले ग्रंथपाल जिमी व्हिट्टी यांच्या हातात शहरातल्या एका मद्यालयात कोणीतरी नागरी हक्क चळवळीचे पत्रक दिले. ते त्यांनी फेकले नाही. ग्रंथालयात नेऊन ठेवले. पुढची तीस वर्षे त्या शहरात कॅथलिक आणि प्रोटेस्टंट यांच्यात रक्तपात चालला. त्या सगळ्या काळात ग्रंथालयाने दोन्ही बाजूंची पत्रके, भित्तिपत्रके, बिल्ले जमवले. कोणाचीही बाजू न घेता, सगळ्यांच्या हातून. आज तो संग्रह साडेतीन लाखांच्या घरात आहे, आणि त्या संघर्षावर लिहिणारा प्रत्येक अभ्यासक तिथे जातो. आयर्लंडच्या प्रजासत्ताकात आणखी एक चांगली प्रथा आहे. निवडणुकीत प्रत्येक उमेदवाराचे एक पत्र टपालखाते मतदारांना फुकट पोहोचवते, मग तो मोठ्या पक्षाचा असो की एकटा अपक्ष. त्यामुळे ज्याला हजार मतेही पडणार नाहीत, त्याचाही कागद प्रत्येक घरात पोहोचतो, आणि कोणाच्या तरी कपाटात उरतो. आपल्याकडे अपक्षाच्या पत्रकाच्या जेमतेम दोन हजार प्रती निघतात आणि आठ दिवसांत त्यांचा मागमूस राहत नाही.

कायदा आपल्याकडेही आहे, आणि चांगला आहे. लोकप्रतिनिधित्व कायद्याचे कलम १२७-अ. निवडणुकीच्या प्रत्येक पत्रकावर मुद्रकाचे आणि प्रकाशकाचे नाव-पत्ता असलाच पाहिजे. छापून घेणाऱ्याने आपली ओळख पटवणारे, दोन माणसांनी साक्षांकित केलेले घोषणापत्र मुद्रकाला द्यायचे. मुद्रकाने ते पत्रकाच्या प्रतीसह जिल्हादंडाधिकाऱ्याकडे पाठवायचे. मोडणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजार रुपयांपर्यंत दंड. म्हणजे कागदोपत्री पाहिले तर जिल्ह्यातले प्रत्येक पत्रक एकदा तरी सरकारदरबारी जमा होते. पण कलमाचा हेतू जबाबदारी ठरवणे हा आहे, जपणूक नव्हे. निवडणूक आणि तिच्यावरचे दावे संपले की त्या गठ्ठ्यांचे काम संपले. शिवाय केवळ सभेची वेळ आणि ठिकाण सांगणारे हँडबिल या कलमात बसत नाही. तेव्हा 'आज रात्री आठ वाजता चौकात जाहीर सभा' हे तर कुठेच उरत नाही. खरे तर इतिहासाला तेच जास्त उपयोगी: कोण वक्ता कोणत्या गावात येऊन गेला, हे त्यावरूनच कळते.

याच्या उलट इंग्रजी राज्यातली गोष्ट पाहा. १० जुलै १९३० ला पुसदला बापूजी अण्यांनी जंगल सत्याग्रह केला. त्या काळात सरकारने देशभर शेकडो पत्रके जप्त केली, त्यांवर बंदी घातली. बंदी घातलेल्या प्रती सरकारने नोंद करून ठेवल्या, आणि आज त्या लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आणि दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. ज्यांच्यावर सरकार रागावले, ते कागद पोलिसांनी जपले. स्वतंत्र भारतात जे मोकळेपणाने छापले आणि वाटले गेले, ते आपण जपले नाही. यात सरकारला दोष देऊन उपयोग नाही. हे काम गावाचे आहे.

आणि गावाच्या पातळीवरची पत्रके तर आणखी मोलाची. लोकसभेचे पत्रक मुंबई-दिल्लीहून ठरून येते. मजकूर सगळीकडे सारखा. ग्रामपंचायतीचे पत्रक गावच्या माणसाने, गावच्या भांडणातून, गावच्या बोलीत लिहिलेले असते. कपबशी, शिलाई मशीन, छत्री, नारळ अशा निशाण्या. 'नळ योजनेची पाइपलाइन कुठपर्यंत आली आणि कुणाच्या दारात थांबली' असले प्रश्न. ७३ व्या घटनादुरुस्तीनंतर, म्हणजे १९९३ पासून, या पत्रकांवर बाया आल्या. त्या कशा आल्या, हे नीट पाहण्यासारखे आहे. सुरुवातीच्या पत्रकांत बाईचे नाव आहे, फोटो मात्र नवऱ्याचा. मग दोघांचे फोटो, नवऱ्याचा मोठा. मग दोन्ही सारखे. अलीकडच्या काहींवर एकटीचा फोटो, हात जोडलेला, आणि खाली तिचा स्वतःचा मोबाइल नंबर. आपल्या तालुक्याच्या एकाच गावातली चार निवडणुकांची पत्रके ओळीने लावली, तर बाईचे गावातले स्थान कसे बदलले यावरचा एक अख्खा प्रबंध तिथे तयार आहे. कोणी शिक्षिका, कोणी महाविद्यालयातली विद्यार्थिनी हे काम हाती घेईल तर माझ्याकडचे सगळे कागद मी तिला आनंदाने देईन.

आता एक अवघड मुद्दा. मतदानाच्या आदल्या रात्री दारांच्या फटींतून सरकवलेली निनावी पत्रके. त्यांवर मुद्रक नाही, प्रकाशक नाही. एखाद्या उमेदवाराच्या चारित्र्यावर, जातीवर, घरातल्या बायकांवर चिखलफेक. ती बेकायदेशीर आहेत आणि अतिशय किळसवाणी आहेत. काही मित्र म्हणतात, असले कागद जाळून टाकावेत. मला ते पटत नाही. गावात काय काय घडले याचा तोही पुरावा आहे, आणि अशा कागदांनी किती माणसांचे संसार पोळले हे पुढच्यांना कळले पाहिजे. पण ती पत्रके आज उघडी ठेवणे म्हणजे तोच अन्याय पुन्हा करणे. म्हणून माझ्या संग्रहात ती वेगळ्या बंद पाकिटात आहेत, आणि त्यांतली माणसे किंवा त्यांची मुले हयात असेपर्यंत ती कोणालाही दाखवायची नाहीत असे मी ठरवले आहे. ग्रंथालयानेही हाच नियम करावा.

जपायचे कसे, ते थोडक्यात सांगतो, कारण चांगल्या मनाने केलेल्या जपणुकीनेच बरेच कागद मेलेले मी पाहिले आहेत. लॅमिनेशन करू नका. एकदा कागद प्लास्टिकमध्ये वितळला की परत निघत नाही. फाटलेल्या जागी सेलोटेप लावू नका. चार-पाच वर्षांत टेप सुटते आणि तिचा पिवळा गोंद अक्षरे खातो. टाचणी, स्टेपल काढा, गंज कागद पोखरतो. पत्रके बहुतेक स्वस्त, वर्तमानपत्री कागदावर असतात. तो कागद स्वतःच्याच आम्लाने तपकिरी होऊन तुटतो, म्हणून ऊन आणि दमट भिंत दोन्हींपासून दूर, घडी उलगडून, चांगल्या पांढऱ्या कागदाच्या घडीत सपाट ठेवा. कसर लागू नये म्हणून डांबराच्या गोळ्या कागदाला खेटून ठेवू नका, कपाटाच्या कोपऱ्यात ठेवा. मोबाइलवर दोन्ही बाजूंचा फोटो घ्या. मागची बाजू विसरू नका, हिशेब तिथेच असतो. आणि सर्वांत महत्त्वाचे: हा कागद कोणाच्या घरून, कोणत्या गावाहून, कधी मिळाला, हे पाकिटावर शिसपेन्सिलीने लिहा. शाईपेन किंवा बॉलपेनने नाही. हे लिहिले नाही, तर पत्रकाचे निम्मे मोल गेले.

कळंबात हे काम सुरू व्हायला फार काही लागत नाही. सार्वजनिक वाचनालयात एक लोखंडी कपाट, एक नोंदवही आणि महिन्यातून एक दुपार देणारी दोन माणसे. सगळ्या पक्षांची, सगळ्या जातींची, सगळ्या गावांची पत्रके एकाच कपाटात, तालुक्याप्रमाणे नव्हे तर गावाप्रमाणे लावलेली. कपाट कोण्या एका पक्षाच्या कार्यालयात असता कामा नये. दुसऱ्या पक्षाचा माणूस तिथे आपला कागद आणून देणार नाही. पुढच्या निवडणुकीला मतदानाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेच्या मुलांना गावातून फिरवा. प्रत्येक उमेदवाराचे एक पत्रक, एक पोलचिट, एक बिल्ला. जुने कागद मात्र मुलांना सापडणार नाहीत. ते तुमच्या माळ्यावरच्या चुंगडीत, पोथ्यांच्या बासनात, आजोबांच्या ट्रंकेत अस्तर म्हणून लावलेले आहेत. छापखाना चालवलेल्या घरांत नमुना प्रती राहून गेल्या असण्याची शक्यता सगळ्यात जास्त; ट्रेडल विकले, खिळे वितळवायला गेले, पण नमुन्यांची फाइल कोणी टाकत नाही.

दाराजवळच्या टेबलावर पाकिटे आणि पेन्सिली ठेवल्या आहेत. घरी असा कागद असेल त्यांनी जाताना एक पाकीट न्यावे. मूळ कागद द्यायचा नसेल तर तो आणून दाखवा. फोटो काढून परत देऊ. आणि ज्या घरातला माणूस निवडणुकीत पडला होता, त्या घरच्यांना माझी विशेष विनंती आहे: संकोच करू नका, तुमचेच कागद आधी आणा.